टीसीएल थांबवू नका, आधी पाला काढा

प्रश्न : आमच्या वाडीला ओढ्याकाठच्या विहिरीचं पाणी येतं. पावसाळ्यात नळाला टीसीएलचा, म्हणजे पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या पावडरचा, इतका वास येतो की चहासुद्धा नकोसा होतो. मुलगा म्हणतो, क्लोरीनने कॅन्सर होतो, ग्रामपंचायतीला सांगून बंद करू. काय करावं?
— एक गृहिणी, पाटण तालुका

उत्तर : ताई, मुलाने वाचलंय ते उगाच नाही, पण बंद करायचं मनातून काढून टाका. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षं गेली. एका गावात टीसीएल संपलं आणि आठवडाभर कुणी आणलंच नाही. शाळेच्या वर्गात सतरंजीवर सलाईन लावलेली पोरं मी पाहिली आहेत. गॅस्ट्रो चार दिवसांत गाठतो.

आता कॅन्सरचं. १९७४ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये योहानेस रूक या रसायनतज्ज्ञांनी दाखवलं, की कुजलेल्या पानांचा जो अंश पाण्यात उतरतो त्याच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची द्रव्यं तयार होतात. क्लोरोफॉर्म त्यांतलाच. अशी द्रव्यं जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं, तर मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढत असावा, असं अभ्यासांतून दिसतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे.

म्हणजे मूळ दोष पाल्यात आहे. आमच्याकडे पूर्वी नदीचं गढूळ पाणी आलं की पहिल्यांदा क्लोरीन सोडायचे. मी बरणीत तेच पाणी घेऊन तुरटी घातली. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात नासलेल्या दुधासारखे पुंजके धरले, तळाला बसले आणि वर नितळ पाणी राहिलं. पुढे आम्ही गाळून झाल्यावरच क्लोरीन देऊ लागलो, आणि तोही कमी लागू लागला.

तुमच्या विहिरीवर जाळी बसवून घ्या, पाला उपसा, टाकीतला गाळ धुऊन काढा. घरी पाणी झाकण न ठेवता उकळा. क्लोरोफॉर्म बराचसा वाफेबरोबर जातो, मात्र सगळीच द्रव्यं अशी जात नाहीत. कार्बनचा फिल्टर असेल तर कांडी वेळेवर बदला.

आणि गावच्या पाण्यात टीसीएल टाकणाऱ्या जलसुरक्षकाला सांगा, टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाने वाडीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट कर, म्हणजे पाण्यात थेंब टाकून क्लोरीन किती उरलाय ते रंगावरून बघ. फिकट पिवळा रंग हवा. गडद केशरी आला तर मात्रा जास्त झाली. रंगच आला नाही, तर त्या दिवशी उकळल्याशिवाय कुणी घोटभरही पिऊ नका.