आपलं चित्र, आपला टी-शर्ट : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार छपाईवाल्याबद्दल आहे. काही ठिकाणी ती रास्तही आहे. पण पत्रं नीट वाचली तर निम्मा बिघाड मशीन सुरू होण्याआधीच, फाइलमध्ये नाहीतर कापड निवडताना झालेला दिसतो. म्हणून उत्तरांचा भर तिथेच आहे.

प्रश्न : गेरूच्या रंगाच्या कागदावर पांढऱ्या रंगात मी वारली चित्रं काढते. त्यातलं एक टी-शर्टवर हवं होतं. मोबाइलवर फोटो काढून पाठवला, तर रेषा फाटल्यासारख्या आल्या आणि मागे तपकिरी डाग राहिले. चित्र पुन्हा काढावं लागेल का? (डहाणू)

उत्तर : चित्र आहे तेच ठेवा, फक्त फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करून घ्या. मोबाइलच्या फोटोत उजेड सगळीकडे सारखा नसतो आणि कडेच्या रेषा वाकतात. व्हॉट्सॲपवर तो ‘फोटो’ म्हणून पाठवला की आणखी आकसतो. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

मापाचा हिशेब असा. छपाईला अंतिम मापात इंचाला ३०० ठिपके (३०० डीपीआय) लागतात. छातीवर १२ इंच रुंद चित्र हवं असेल तर फाइल ३६०० पिक्सेल रुंद पाहिजे. ए४ कागदाची रुंदी ८.२७ इंच, म्हणजे ३०० डीपीआयवर जेमतेम २४८० पिक्सेल मिळतात. म्हणून स्कॅन ६०० डीपीआयवर करा. लहान फाइल घेऊन संगणकात नुसता ‘३००’ आकडा भरण्यात अर्थ नाही. मधले ठिपके संगणक अंदाजाने भरतो आणि रेषेची धार बोथट होते.

गेरू काढून टाकायची सोपी युक्ती आहे. गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर चालेल. चित्राचे लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनेल सुटे करा आणि फक्त निळा ठेवा. गेरूत निळा जवळजवळ नसल्यामुळे तो तिथे काळपट दिसतो आणि पांढरी रेषा पांढरीच राहते. मग ‘लेव्हल्स’ ओढून मधली करडी छटा घालवायची. ही काळी-पांढरी फाइल इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ केली की रेषा व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी आकृतीच्या रूपात होतात आणि कितीही मोठ्या केल्या तरी फाटत नाहीत. कागदाच्या पोताचे बारीक ठिपके ट्रेसमध्ये उतरतात, ते ‘स्पेकल्स’ची मर्यादा वाढवून काढा. उरलेले हाताने पुसावे लागतात. या कामाला कंटाळू नका, कारण गडद टी-शर्टवर प्रत्येक ठिपका दिसतो.

स्क्रीन प्रिंट म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर ढकलणं; जाळीवर चित्र फिल्ममधून उजेड देऊन उतरवतात. ही फिल्म काढताना एक घोटाळा नेहमी होतो. शाई पांढरी असली तरी फिल्मवर रेषा काळ्या कुळकुळीत लागतात, कारण तिथे त्यांचं काम उजेड अडवायचं असतं. पांढऱ्या रेषांची फाइल गेली तर फिल्म कोरी येते.

आणि वारलीपुरतं खास : माणसाच्या धडाचे दोन त्रिकोण जिथे टोकाला टोक लावून भेटतात, तो सांधा तपासा. शाई थोडी पसरते, त्यामुळे तिथे गोळा होतो. सांधा फार बारीक असेल तर स्क्रीन धुतानाच तुटतो. अंतिम मापात सांधा आणि हातापायांच्या रेषा १ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. दोन रेषांमधली मोकळी जागाही तेवढी ठेवा.

प्रश्न : आमच्या ढोल-ताशा पथकाचे १५० टी-शर्ट करायचे आहेत. पुढे छातीवर लहान बोधचिन्ह, पाठीवर मोठं नाव, दोन्ही एकाच रंगात. एक जण स्क्रीन प्रिंट सांगतो, दुसरा डीटीएफ. (पुणे)

उत्तर : स्क्रीन प्रिंट करा. स्क्रीन, फिल्म आणि एक्स्पोजरचा खर्च रंगामागे एकदाच येतो आणि १५० नगांवर वाटला जातो. तुम्हाला दोनच स्क्रीन लागतील. डीटीएफमध्ये चित्र आधी प्लास्टिकच्या फिल्मवर छापून मग उष्णतेने कापडावर चिकटवतात आणि दर त्या फिल्मच्या लांबीवर असतो, म्हणून दहाव्या नगाला जेवढे पैसे तेवढेच जवळपास दीडशेव्यालाही. डीटीएफचा फायदा पंधरा-वीस नग, बरेच रंग किंवा प्रत्येकावर वेगळं नाव असेल तेव्हा.

पैशापलीकडे एक कारण आहे आणि तुमच्या बाबतीत तेच महत्त्वाचं. डीटीएफचा छाप म्हणजे कापडावर चिकटलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. पाठभर छाप घेतला तर त्याखालून घाम बाहेर पडत नाही. तीन-चार तास ढोल वाजवणाऱ्याच्या पाठीला ते लगेच कळतं. डीटीएफच करायचं ठरलं तर अक्षरं पोकळ ठेवा आणि मागे भरीव चौकोन किंवा गोल टाकू नका.

कापड १८० जीएसएमचं (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं), शंभर टक्के कॉटन, बायो-वॉश केलेलं घ्या. बायो-वॉशमध्ये एन्झाइमने वरची लव काढतात, त्यामुळे शाई सपाट बसते आणि कापडावर गोळे धरत नाहीत. २२० किंवा २४० जीएसएम हातात घेतल्यावर भारदस्त वाटतं, पण मिरवणुकीत नको होतं. ‘प्री-श्रंक’, म्हणजे आधीच आकसवून घेतलेलं आहे का हे विचाराच. कॉटन होजियरी आकसते, छाप आकसत नाही, मग छापाभोवती कापडाला चुण्या पडतात. माल तिरुपूरचा आहे एवढ्यावर समाधान मानू नका; तिरुपूरहून उत्तमही येतो आणि सुमारही. एक नग आणून तीनदा धुवा, आधी आणि नंतर टेपने मोजा.

पाच-सात नग जास्तीचे सांगा, त्यातही एल आणि एक्सएल. गणपती पावसाळ्याच्या शेवटाला येतात आणि तेव्हा सगळ्याच कारखान्यांत गर्दी असते. नमुना मंजूर करायची तारीख आधी ठरवा, नाहीतर नमुन्याशिवायच छपाई होते.

प्रश्न : आमच्या पाठवलेल्या फाइलमध्ये ‘शक्ती’ होतं, छापून आलं ते ‘शक्‌ती’सारखं, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. चूक कोणाची? (कोल्हापूर)

उत्तर : फाइल अक्षररूपात गेली, ही चूक. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर दुसरा बसतो. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठीची जोडाक्षरं सुटतात. फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडलेला नसला तरी तसंच होतं. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये गेला की वाचताच येत नाही. उपाय एकच : पाठवण्याआधी अक्षरांचं आकृतीत रूपांतर करा. कोरलड्रॉमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्ह्‌ज’, इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’. सोबत मजकूर बरोबर दिसणारी पीडीएफ पाठवा, म्हणजे छपाईवाल्याला ताडून पाहता येईल.

व्हिनाइल (रंगीत प्लास्टिकचा पातळ पत्रा) कापून चिकटवणार असाल तर पुढचं एक पाऊल आहे. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. पडद्यावर ते दिसत नाही, पण कटर प्रत्येक चढलेली कड कापतो आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. म्हणून आधी सगळं शब्दवार ‘वेल्ड’ किंवा ‘युनियन’ करून एकसंध करा. अनुस्वार तरीही सुटाच राहतो आणि नको असलेलं व्हिनाइल सोलताना तोच पहिल्यांदा निघून जातो. तो ३ मिलिमीटरपेक्षा लहान नको. ‘क्ष’, ‘ष’, ‘ज्ञ’ यांची पोकळी भरते, तिथे जाड वळणाचा ठळक फॉन्ट टाळावा.

प्रश्न : काळ्या टी-शर्टवरचा पांढरा छाप दोन धुण्यांत तडकला. छपाईवाला म्हणतो, तुम्ही मशीनमध्ये धुतलं म्हणून. (नाशिक)

उत्तर : मशीनमध्ये धुतल्याने चांगला छाप दोन धुण्यांत तडकत नाही. आधी छाप कोणत्या प्रकारचा होता ते ओळखा.

ताणल्यावर तडे जात असतील, पण तुकडे कापडाला धरून असतील, तर ती बहुधा प्लास्टिसॉल शाई आहे आणि ती कच्ची राहिली. ही शाई वाळत नाही, तिला शिजवावं लागतं. शाईचा पूर्ण थर साधारण १६० अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. त्याच्या बऱ्याच आधी ती हाताला कोरडी लागते आणि घाई असलेला कारागीर तिथेच थांबतो. टेम्परेचर गनवर दिसतं ते वरच्या पृष्ठभागाचं तापमान, तळाचं नाही. काळ्यावर पांढरा छापताना दोन हात मारतात, थर जाड होतो, त्यामुळे ड्रायरचा पट्टा आणखी हळू चालवावा लागतो. परीक्षा सोपी आहे : गार झाल्यावर छाप दोन्ही हातांनी ताणा. कच्चा असेल तर तिथेच तडकेल. माल ताब्यात घेताना गठ्ठ्याच्या मधला एखादा नग काढून हे करून पाहा.

कडेपासून स्टिकरसारखा सुटत असेल तर ते डीटीएफ आहे. त्याचा प्रेस १५० ते १६० अंशांवर १० ते १५ सेकंद, मग फिल्म सोलायची आणि वर बटर पेपर ठेवून पुन्हा ५ ते १० सेकंद दाबायचं. हा दुसरा दाब वेळ वाचवायला गाळतात. ‘कोल्ड पील’ (गार झाल्यावर सोलायची) फिल्म गरम असतानाच ओढली तरी कडा उचलल्या जातात. दाबाच्या जागेत शिवण किंवा बटणपट्टी आली तर आसपास दाब बसत नाही. पावसाळ्यात कापडात ओल असते, म्हणून फिल्म ठेवण्याआधी कोरा टी-शर्ट ३ ते ५ सेकंद दाबून घ्यावा.

आणि तडे न जाता रंग नुसता फिका, भुकटीसारखा उतरला असेल तर ती पाण्यात मिसळणारी शाई आहे. तिच्यात फिक्सर घातलेला नाही किंवा तिला उष्णता मिळालेली नाही.

छपाईनंतर पहिले २४ तास धुऊ नका, उलटा करून गार पाण्यात धुवा, छापावर थेट इस्त्री फिरवू नका. हे पाळायचंच. पण दोन धुण्यांचा दोष त्यावर ढकलता येत नाही.

प्रश्न : लाल ड्राय-फिट टी-शर्टवरचा पांढरा अंक आठवड्यात गुलाबी झाला. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ड्राय-फिट म्हणजे पॉलिएस्टर. त्याचा रंग गरम झाला की वायुरूप होऊन वरच्या शाईत शिरतो. लाल आणि मरूनमध्ये हा त्रास सर्वांत जास्त, आणि तो काही दिवसांनीही उमटतो. कमी तापमानाची शाई आणि तिच्याखाली रंग अडवणारा करडा किंवा काळा थर मागून घ्या. पांढऱ्या पॉलिएस्टरवर मात्र सब्लिमेशन करा, म्हणजे कागदावरचा रंग उष्णतेने वायुरूप करून कापडात उतरवा : कागदावर उलटी प्रतिमा, १९० ते २०० अंश, ४५ ते ६० सेकंद. हाताला छाप लागतही नाही. कॉटनवर ते धुऊन जातं आणि गडद कापडावर दिसत नाही, कारण त्यात पांढरी शाईच नसते.

प्रश्न : घरच्या इस्त्रीने ट्रान्सफर पेपर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : वाढदिवसाच्या एका टी-शर्टपुरता चालेल. इस्त्रीचा तळ सगळीकडे सारखा तापत नाही आणि वाफेच्या भोकांखाली दाबच नसतो. वाफ बंद ठेवा, मऊ इस्त्री-टेबलाऐवजी लाकडी फळीवर करा. विकायचे असतील तर हीट प्रेस, म्हणजे सारखी उष्णता आणि दाब देणारं मशीन घ्या.

प्रश्न : इंटरनेटवरचं चित्र छापून विकलं तर? आणि शिवाजी महाराजांचं चित्र? (सातारा)

उत्तर : भारतात चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतो. राजा रवि वर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत. हयात चित्रकाराचं चित्र त्याला विचारूनच. महाराजांचं नाव आणि चित्र १९५०च्या बोधचिन्हे व नावे कायद्याच्या यादीत आहे, त्याचा व्यापारासाठी वापर करायला केंद्र सरकारची परवानगी लागते. बाजारात सर्रास विकलं जातं, हे खरं. तरी विक्रीसाठी मोठी ऑर्डर देण्याआधी वकिलाला विचारा.

प्रश्न : छाप पोटावर आल्यासारखा दिसतो. (ठाणे)

उत्तर : मोठ्यांच्या टी-शर्टवर चित्राची वरची कड गळ्याच्या शिवणीपासून ७-८ सेंटिमीटर खाली असावी. रुंदी मोठ्यांना १० ते १२ इंच, मुलांना ७ ते ८. छातीवरचं लहान चिन्ह साडेतीन इंचांपर्यंत. एस आणि डबल एक्सएलला एकच स्क्रीन वापरणार असाल तर चित्र एसच्या मापाने ठरवा.