आधी काय घडलं?

प्रिय मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला. प्रबंध जनुकांवर करू की आतड्यातल्या जीवाणूंवर, एवढंच विचारायचं होतं. पण शोधनिबंधांच्या ढिगाखाली तुझा प्रश्नच दबला. स्टेम सेल प्रत्यारोपणानंतर दात्याच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यावर उलटतात. या आजाराला जीव्हीएचडी (ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट डिसीज) म्हणतात. तो कुणाला गाठेल, हे तुला शोधायचंय ना? मग समोर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला एकच विचार: आधी काय घडलं?

जनुकांच्या बाबतीत उत्तर सोपं आहे. सख्ख्या भावंडाशी एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के. जुळलं तरी दाता स्त्री आणि रुग्ण पुरुष असेल, तर वाय गुणसूत्रामुळे बनणारी प्रथिनं तिच्या पेशींना परकी वाटू शकतात आणि धोका वाढतो. हे सगळं प्रत्यारोपणापूर्वीच ठरलेलं असतं.

जीवाणूंचं तसं नाही रे बाबा! न्यूयॉर्क, डरहॅम, रेगेन्सबर्ग आणि साप्पोरो इथल्या 1362 रुग्णांचा अभ्यास 2020 मध्ये आला. ज्यांच्या जीवाणूंतली विविधता कमी, त्यांच्यात मृत्यू जास्त. काम उत्तमच आहे, पण तू तेवढ्यावरून कारण ठरवून मोकळा झालास. प्रत्यारोपणाआधीच्या केमोनं आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं, जेवण सुटलेलं असतं, ताप आला की प्रतिजैविकं सुरू होतात. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टमसारख्या औषधानं क्लॉस्ट्रिडिया गटातले उपयोगी जीवाणू मरतात, एंटरोकॉकस हा दुसरा जीवाणू माजू शकतो. वर खुद्द जीव्हीएचडी आतड्यातल्या पॅनेथ पेशी नष्ट करतो, म्हणजे जीवाणूंना आवर घालणारी प्रथिनंही घटतात. आता सांग, आधी काय घडलं?

जंतुविरहित उंदरांत हा आजार सौम्य होतो, हे 1970च्या दशकातच दिसलं होतं. जीवाणूंचा हात आहेच. तो कधी फिरतो, हा वाद आहे. आणि एनओडी2 जनुक तर जीवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखणारं. त्याचा जीव्हीएचडीशी किती संबंध, याचे निष्कर्ष सगळ्या अभ्यासांत सारखे आलेले नाहीत. जनुकं की जीवाणू, ही निवडच मला पटत नाही.

प्रत्यारोपणाआधीचा विष्ठेचा नमुना नसेल तर मी रुग्ण अभ्यासात घेत नसे. विभागात हेकट म्हणायचे. फ्रीझरमध्ये जागा नाही, हेही खूप ऐकलं. जे नमुने घेऊच दिले नाहीत, त्यांची हळहळ अजून वाटते. इतरांचे निबंध आधी छापून आले, येऊ देत. माझा हट्ट बरोबरच होता.

पुढच्या मेलमध्ये शोधनिबंध नकोत. एकाच रुग्णाचा तारीखवार तक्ता पाठव: कंडिशनिंग (प्रत्यारोपणाआधीचे तयारीचे उपचार), पहिला ताप, प्रत्येक प्रतिजैविक, प्रत्येक नमुना, पहिला पुरळ, पहिले जुलाब. तारखा गाळल्यास तर उत्तर देणार नाही.