वाचकांचे प्रश्न: मृग, रामजन्म आणि अगस्ती

मृग सात-आठ जूनला लागतो, पण आभाळ मोकळं असलं तरी त्या रात्री तो दिसत नाही. शिवाय प्रजापती हरिण होऊन रोहिणीमागे धावला, ही कथा म्हणजे वसंतसंपाताची (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात, तेव्हाच्या सूर्याच्या जागेची) नोंद असं म्हणतात. खरं का? (मानवत, जि. परभणी)

पेरणीचा मृग म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात शिरतो तो दिवस. चांदण्या सूर्यासोबतच उगवतात नि मावळतात, मग रात्री दिसणार कशा? हरिण बघायचं तर जानेवारीच्या अखेरीस, रात्री नऊच्या सुमारास, डोक्यावरून जरा दक्षिणेला बघा. पोटातल्या तीन चांदण्यांची रेघ वायव्येला वाढवली की तांबूस रोहिणीजवळ जाते, आग्नेयेला वाढवली की व्याधाजवळ. त्या तीन चांदण्या म्हणजे हरणाला लागलेला व्याधाचा त्रिकांड, म्हणजे तीन पेरांचा, बाण. हा अर्थ आपण लादलेला नाही. हरिण, व्याध, रोहिणी आणि बाण आकाशात कोणते, हे ऐतरेय ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ स्वतःच सांगतो.

संपाताचं मात्र तसं नाही. त्या कथेत संपाताचा उल्लेखच नाही. टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’ या पुस्तकात ‘आग्रहायण’सारख्या वर्षारंभसूचक उल्लेखांच्या आधारे तो जोडला. हिशेब घरी करता येतो. संपात सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. आज मृग नक्षत्राचा, म्हणजे सूर्यमार्गाच्या सत्तावीस समान विभागांपैकी एकाचा, आरंभ संपातापासून साधारण साडेसत्याहत्तर अंशांवर आहे. गुणाकार केला की ५,५८० वर्षं, म्हणजे इ.स.पू. ३५०० च्या आसपास. पण विभागाचा आरंभ न धरता हरणाच्या डोक्याचे तारे धरले तर अंतर ८४ अंश होतं आणि काळ इ.स.पू. ४००० पर्यंत जातो. एक नक्षत्रविभाग १३ अंश २० कलांचा (६० कलांचा एक अंश), म्हणजे ९६० वर्षांचा. तेव्हा ‘संपात मृगात होता’ एवढ्यावरून कुणी नेमकं साल काढून दिलं, तर त्यानं तारा धरला की विभाग, हे आधी विचारावं.

सॉफ्टवेअरनं काढलेल्या रामजन्माच्या तारखा मोबाइलवर फिरतात. त्या तपासायच्या कशा? (लातूर)

सॉफ्टवेअर राहू द्या, कागद-पेन्सिल पुरे. वाल्मीकी रामायणातल्या बालकांडाच्या अठराव्या सर्गातल्या अटी अशा: चैत्रातली नवमी, पुनर्वसू नक्षत्र, कर्क लग्नात (जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास कर्क) गुरूसोबत चंद्र आणि पाच ग्रह उच्चीचे, म्हणजे आपापल्या ठरलेल्या उच्च राशीत.

पुनर्वसूचा एकच चरण (पाव भाग) कर्केत येतो, मेषेच्या आरंभापासून ९० अंश ते ९३ अंश २० कला. चंद्र तेवढ्यातच हवा.

आता पाच उच्च ग्रह कोणते? चंद्राचं उच्च वृषभेत, तो तर कर्केत आहे. म्हणून तो बाद. बुधाचं उच्च कन्येत. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही, त्यामुळे तो कन्येत असला तर सूर्य मेषेत आणि शुक्र मीनेत असूच शकत नाही, आणि पाचाचे चारच उरतात. बुध सोडला की रवी, मंगळ, गुरू, शुक्र, शनी हेच पाच. म्हणजे सूर्य मेषेत, शून्य ते तीस अंशांत.

चंद्र-सूर्याचं अंतर मग जास्तीत जास्त ९३ अंश २० कला. एक तिथी १२ अंशांची, म्हणून नवमी ९६ अंशांना सुरू होते. निदान पावणेतीन अंशांच्या आसपास कमी पडतातच आणि फार तर अष्टमी राहते. या सगळ्या अटी एकत्र पाळणारा दिवस कुठल्याच शतकात सापडणार नाही. जो तारीख देतो त्यानं एखादी अट सैल केलेली असते, फक्त कोणती ते तो सांगत नाही. आणखी एक: वेदांगज्योतिष या प्राचीन ग्रंथात नक्षत्रं आहेत, मेष-वृषभादी राशी नाहीत. राशीत मांडलेलं हे वर्णन मागाहून घातलेलं असावं, असं आम्हाला वाटतं.

अगस्तीनं समुद्र प्यायला, म्हणजे तो तारा उगवला आणि पाऊस संपला, असा अर्थ घ्यावा का? (पैठण)

उत्तरेत ठीक, आपल्याकडे बसत नाही. मराठवाड्यात अगस्ती ऑगस्टच्या उत्तरार्धातच पहाटे दिसण्याजोगा होतो आणि त्यानंतर सप्टेंबरचा मोठा पाऊस बाकी असतो. दिल्लीकडे तो दोन-तीन आठवडे उशिरा उगवतो. वायव्य भारतातून पाऊस परतायलाही सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात होते. महाभारतातल्या वनपर्वात कारण वेगळंच आहे: कालकेय असुर समुद्रात लपले, म्हणून अगस्तीनं पाणी प्यायलं. तारा बघायचा तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, रात्री नऊ-साडेनऊला, व्याधाच्या जवळजवळ सरळ खाली बघा. पैठणहून तो क्षितिजापासून अठरा अंशच वर येतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही कमी. दक्षिणेला झाडं किंवा इमारत नको.