वाचकांचे प्रश्न: स्वतंत्र रॅपरचा बीट, माइक आणि कागद

‘फ्री’ लिहिलेल्या बीटवर मराठी रॅप करून यूट्यूबवर टाकला. परदेशातल्या कुणा रॅपरच्या नावाने कॉपीराइट क्लेम आला. त्याचं गाणं मी ऐकलेलंही नाही! — एक वाचक, अमरावती

तुम्ही ऐकलेलं नसलं तरी बीट, म्हणजे रॅपमागचं तयार संगीत, तोच असणार. ऑनलाइन बीट बहुधा लीजवर, म्हणजे भाड्याने मिळतात आणि एकच बीट कितीही जणांना जातो. त्यातल्या एकाने डिस्ट्रिब्युटरकडे (गाणं यूट्यूब, स्पॉटिफायवर पोहोचवणारी कंपनी) गाणं देताना ‘कंटेंट आयडी’वर, म्हणजे यूट्यूबच्या गाणं ओळखणाऱ्या सोयीवर, टिक केली, की यूट्यूबची यंत्रणा तो बीट तुमच्याही गाण्यात ओळखते. (लीजच्या बीटवर ही टिक करायचीच नसते. तुम्हीही करू नका.)

‘फ्री’ म्हणजे बहुतेकदा ‘कमाई करणार नसाल तर फुकट’. म्हणून आधी लीज विकत घ्या, परवान्याची पीडीएफ जपून ठेवा, मग क्लेमवर डिस्प्यूट (हरकत) करताना ‘लायसन्स’ हे कारण निवडा. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात. चॅनलवर कमाई सुरू असेल तर 5 दिवसांच्या आत हरकत घ्या; मग पहिल्या दिवसापासूनचे पैसे राखून ठेवले जातात.

परवान्यात दोन गोष्टी आधी बघा: किती स्ट्रीमपर्यंत चालतो आणि किती वर्षं. एमपी3ची स्वस्त लीज मिक्सिंगला नडते, कारण आवाजाला जागा करायला नुसता बास खाली घेता येत नाही. त्यासाठी स्टेम्स, म्हणजे ढोल, बास, सूर यांच्या वेगवेगळ्या फाइल लागतात. ‘एक्सक्लुझिव्ह’, म्हणजे यापुढे फक्त तुम्हालाच असा परवाना घेतला तरी आधी दिलेल्या लीज रद्द होत नाहीत. त्यापेक्षा ओळखीच्या बीटमेकरकडून नवा करून घेणं केव्हाही बरं.

घरी रेकॉर्ड करतो. आवाज घुमतो आणि रॅप तालाच्या मागे पडतो. माइक महाग घ्यावा का? — एक वाचक, चिंचवड

नको, आधी गोधडी घ्या. स्टुडिओचा साधा कंडेन्सर माइक समोरून ऐकतो, मागून कमी. त्यामुळे गोधडी माइकच्या मागे टांगण्यापेक्षा तुमच्या पाठीमागे टांगा. तुमच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्याच्या तोंडात शिरतो. अंड्यांचे ट्रे चिकटवून घुमणं जात नाही. तोंड माइकपासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर (हवा अडवणारी जाळी), आणि माइक किंचित तिरका, म्हणजे प, फ, भ ची हवा सरळ आदळत नाही. सर्वात मोठी ओळसुद्धा उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

ताल सुटण्याबद्दल: ब्लूटूथ हेडफोन वापरताय का? 90 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 90 मात्रांच्या वेगात, एक मात्रा 667 मिलिसेकंदांची, तिचा चौथा भाग 167. ब्लूटूथचा उशीर सहज तेवढा भरतो, म्हणजे तुम्ही अख्खा पाव मात्रा मागे. वायरचे हेडफोन लावा, रेकॉर्डिंगला सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधला बफर 128 सॅम्पल ठेवा (तो जितका मोठा, तितका आवाज उशिरा ऐकू येतो), मिक्सिंगला वाढवा. तरीही मागे पडलात तर दोष श्वासाचा. याच वेगात 16 बार (एक बार म्हणजे चार मात्रा) जवळपास 43 सेकंद चालतात. श्वास कुठे घ्यायचा ते वहीत ओळीवर खूण करून ठरवा.

एका लेबलने ‘सर्व हक्क कायमचे’ असा करार पाठवलाय. सही करू? — एक वाचक, मुंबई

लगेच नको. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो. रॅपर स्वतःच गीतकार असतो, तेव्हा आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचं सदस्यत्व स्वतःच्या नावाने घ्या. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द तिथे मुद्दाम येतात. ते खोडून वर्षं लिहायला सांगा. वकिलाला दाखवलंत तर उत्तम. बीटमेकरशीही शब्द-संगीताचे टक्के रिलीजच्या आधीच कागदावर आणा.

गाणं डिस्ट्रिब्युटरकडे किती आधी द्यावं? — एक वाचक, कोल्हापूर

चार आठवडे. स्पॉटिफायवर संपादकांकडे गाणं रिलीजपूर्वीच सुचवता येतं, आणि किमान 7 दिवस आधी सुचवलं तर ते फॉलोअर्सच्या ‘रिलीज रडार’ या नव्या गाण्यांच्या यादीत जातं. तिथे 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टी सुरू होत नाही. म्हणून कुणी ‘हजार स्ट्रीम विकत देतो’ म्हटलं तर हात जोडा: खोटे स्ट्रीम पकडले गेले की गाणं उतरतं आणि दंड डिस्ट्रिब्युटरकडून तुमच्या खात्यावर येऊ शकतो.