जुन्या डब्यात नवीन विंडोज बसेल का, भाऊ?

ह्या वेळचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर जो तो एकच विचारतोय. घरातल्या जुन्या डेस्कटॉपला रॅम वाढवली, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी येणारी वेगवान डिस्क) टाकली, आता त्यात नवीन विंडोज का जात नाही. त्यातली चार पत्रं घेतोय, पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण त्यात सगळ्यांचंच दुखणं आलंय.

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी यावल तालुक्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. घरी २०१२ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, आय थ्री सेकंड जनरेशन, एच ६१ चा मदरबोर्ड, त्यात विंडोज ७. दिवाळीत पोराने ४ जीबी रॅमची ८ केली आणि २४० जीबीची एसएसडी आणली. पण रॅम ८ टाकूनही वापरात ३.४ जीबीच दाखवतो. विंडोज ११ चा पेनड्राइव्ह लावला तर हा पीसी बसत नाही म्हणतो, १० चा लावला तर डिस्क निवडायच्या पानावर एमबीआर, जीपीटी असं काहीतरी येतं आणि पुढे जाताच येत नाही. तालुक्याला एका दुकानात दाखवलं तर म्हणे बोर्ड गेलाय, नवीनच घ्या. माझं काम म्हणजे शाळेची पोर्टलं, निकालपत्रकं आणि घरच्या केळीचा हिशोब, बस. जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या कृतीदेव फॉन्टात आहेत, त्या जायला नको. आते काय करानं?
— एक शिक्षक, यावल तालुका

उत्तर : सर, बोर्ड गेलेला नाही. गेलेला बोर्ड एवढी कारणं सांगत बसत नाही, तो नुसता पंखा फिरवतो आणि गप्प राहतो. तुमचा तर बोलतोय, फक्त इंग्रजीत बोलतोय.

आधी रॅमचं. तुमचं विंडोज ७ हे ३२ बिटचं आहे. त्याला सगळी मिळून ४ जीबीच मोजता येते आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरे हार्डवेअरसाठी राखून ठेवावा लागतो, म्हणून ८ टाका नाहीतर १६ टाका, हातात तीन-साडेतीनच येणार. प्रोसेसर मात्र ६४ बिटचा आहे, तेव्हा ६४ बिटची सिस्टिम टाकली की आठच्या आठ दिसतील. पण ३२ वरून ६४ वर सरळ अपग्रेड होत नाही, कोरीच टाकावी लागते, आणि एसएसडी नवीन आहे तर ते बरंच झालं.

आता ११ का नाही म्हणतो ते. मायक्रोसॉफ्टने ११ साठी इंटेलची जी यादी दिलीय ती साधारण आठव्या जनरेशनपासून सुरू होते, तुमचा दुसरा. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, ती एच ६१ च्या काळात नव्हतीच. रुफस नावाच्या प्रोग्रामने पेनड्राइव्ह बनवताना ही तपासणी काढून टाकायचा पर्याय मिळतो आणि तुमच्या आय थ्रीवर ११ चालू पण होतं, मी असे चालवलेले आहेत. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची खात्री देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं व्हर्जन आपोआप येत नाही, ते दर खेपेला परत पेनड्राइव्ह नाहीतर आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) घेऊन हाताने टाकत बसा. ज्याला ह्यात मजा येते त्याने खुशाल करावं. ज्याला शनिवारी रात्री निकालपत्रक भरून मोकळं व्हायचंय त्याने करू नये असं मला वाटतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशीनला नोंदणी केली तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याचे पैसे पण पडत नाहीत. अडचण लायसनची आहे. पूर्वी ७ ची की (लायसनचा नंबर) १० ला चालायची, ती सोय २०२३ मध्ये बंद झाली. आणि दोनशे रुपयांत "फुल व्हर्जन" टाकून देणाऱ्यांच्या नादी लागू नका सर, ते ॲक्टिव्हेट करायच्या आधी अँटिव्हायरस बंद करतात, का बंद करतात ह्याचा विचार करा, आणि त्याच मशीनवर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर एसएसडीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टिम टाकली असती. फुकट आहे, मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, ८ जीबीत पळतं. पोर्टलं ब्राउझरमध्येच उघडायची असतात, हिशोबाला लिबरऑफिस आहे. फक्त कुठल्या पोर्टलला डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावावं लागत असेल तर आधी चालतं का ते बघून घ्या, आणि प्रिंटरचं पण, काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार छळतात. बघायला काही खर्च नाही, मिंट पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता.

आता, विंडोज १० च टाकायचं ठरवलंत तर ते एमबीआर-जीपीटीचं भूत. डिस्कवर कुठला कप्पा कुठे सुरू होतो ह्याची एक नोंद असते, जुन्या पद्धतीची एमबीआर, नव्या पद्धतीची जीपीटी. पेनड्राइव्ह यूईएफआय ह्या नव्या पद्धतीने सुरू झाला तर विंडोजला जीपीटीच पाहिजे. तुमच्या पोराने एसएसडी ७ मध्ये लावून फॉरमॅट केली असणार, तेव्हा तिच्यावर एमबीआर बसलं. एवढंच झालंय. त्या पानावर एसएसडीचे सगळे पार्टिशन एकेक करून डिलीट करा, नुसती मोकळी जागा राहिली की तीच निवडून नेक्स्ट दाबा, सेटअप आपणहून जीपीटी करून घेतो.

पण त्याच्या आधी, आणि हे मी फोनवर पण लोकांना दोनदोनदा सांगतो, कॅबिनेट उघडून जुन्या हार्डडिस्कची साटा केबल (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) काढून ठेवा. दोन कारणं. एक, डिलीट करताना चुकून जुनी डिस्क निवडली तर दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. दुसरं, जुनी डिस्क लावलेली असली की सेटअप कधीकधी बूटच्या फाइली तिच्यावर टाकतो, मग पुढे ती डिस्क काढली की नवीन सिस्टिम सुरूच होत नाही आणि माणूस म्हणतो एसएसडी खराब निघाली. केबल काढली की विषयच संपतो. केबल काढायच्या आधी बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंगची पानं) एकदा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय ही नवी आहे का बघा, जुन्या असेंबल मशीनला बऱ्याचदा जुना आयडीई करून ठेवलेला असतो. तो एएचसीआय केला की तुमचं जुनं ७ निळा पडदा दाखवेल, घाबरू नका, परत आयडीई केलं की सुरू होतं.

कृतीदेव तर एकदम सोपं. जुन्या विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून कृतीदेवची फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि नवीन सिस्टिमवर टाका, मिंटवर पण चालते, अक्षरं दिसायला लागतात. टेबलं थोडी इकडेतिकडे सरकतील. ज्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा पाहिजेत त्यांची आजच ७ मध्येच पीडीएफ करून ठेवा. नवीन लिहाल ते मात्र युनिकोडमध्ये लिहा सर, कृतीदेवमधला मजकूर दुसऱ्याला पाठवला की त्याच्याकडे नुसता इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो.

आणि हो, एच ६१ ची साटा सेकंदाला ३ गिगाबिटचीच आहे, एसएसडी पूर्ण वेगाने धावणार नाही. कोणी ह्यावरून बोर्ड बदला म्हणालं तर ऐकू नका, हार्डडिस्कपेक्षा फरक तुम्हाला पहिल्याच दिवशी कळेल.

प्रश्न : आमचं मिरचीचं काम आहे. दुकानावरच्या पीसीत (आय फाइव्ह, थर्ड जनरेशन) विंडोज १० टाकतोय, दर खेपेला तीस-चाळीस टक्क्यांवर मशीन आपोआप बंद पडतं. तीन पेनड्राइव्ह बदलून झाले.
— एक व्यापारी, नंदुरबार

उत्तर : शेठ, पेनड्राइव्हचा काही दोष नाही. सेटअप त्या टप्प्यावर फाइली उलगडतो तेव्हा प्रोसेसरला खरं काम पडतं, तो तापतो, आणि फारच तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. तपासायचं असेल तर बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडा आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसा. काही काम नसताना आकडा ८०-८५ च्या पुढे चढत असेल तर कूलरचाच गुन्हा.

तुमच्याच गावाकडचा असा एक डबा मी जळगावला मे महिन्यात उघडला होता, बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आत कूलरच्या पात्यांमध्ये मिरचीची पूड अशी दाबून बसलेली की तिचा लाल नमदा झाला होता. ब्लोअर मारला आणि पुढचा अर्धा तास मी, पोऱ्या आणि बाजूचा चहावाला तिघं शिंकत होतो. तेव्हा तुम्ही अंगणात, तोंडाला रुमाल बांधून, वाऱ्याकडे पाठ करून उघडा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. मग कूलर काढा. इंटेलच्या कूलरला चार काळ्या पिना असतात, प्रत्येकीवर बाण कोरलेला आहे, त्या बाणाकडे फिरवून वर ओढायची. खालची वाळलेली पेस्ट कपड्याने पुसा, नवीन पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी मधोमध ठेवा, पसरवत बसू नका. बसवताना पिना परत उलट फिरवून समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दाबा, प्रत्येकीचा टक आवाज आला पाहिजे. बंद पडणाऱ्या मशीनमध्ये बहुतेक वेळा ह्या चारातली एक पिन सुटलेली असते, कूलर एका बाजूने उचललेला असतो आणि बाहेरून काही कळत नाही.

इन्स्टॉल करताना यूपीएस लावा, लाईटचं तुम्हाला काय सांगायचं.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दोन कोअर टू डुओ मशीन आहेत, दोन्हींत ४ जीबी रॅम आणि एसएसडी टाकून घेतली. रुफस वापरून विंडोज ११ चं नवीन व्हर्जन टाकायचा प्रयत्न केला, लोगो येतो आणि मशीन परत रीस्टार्ट होतं.
— ग्रंथपाल ताई, अमळनेर

उत्तर : ताई, होणार नाही, आणि हे रुफसच्या हातातलं नाही. २४ एच २ ह्या व्हर्जनपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ ह्या सूचना लागतात, त्या कोअर टू डुओमध्ये नाहीत. तपासणी वगळता येते, प्रोसेसरात नसलेली गोष्ट कुठून आणणार. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, ४ जीबीत पुस्तकांची यादी आणि ब्राउझर निवांत चालतो. एकदम दहा-बारा टॅब मात्र उघडू नका.

प्रश्न : मी रेल्वेतून रिटायर झालोय. पुतण्याने जुन्या पीसीत नवीन सिस्टिम टाकून दिली, त्या दिवशी ठीक होतं. आता रोज सकाळी चालू केलं की कुठलीही वेबसाइट सुरक्षित नाही म्हणून अडवते. व्हायरस असेल का?
— एक आजोबा, भुसावळ

उत्तर : आबा, खाली कोपऱ्यात तारीख बघा, २०११-१२ दाखवत असेल. बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो, सीआर २०३२, तो संपलाय, म्हणून रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ मागे जातं आणि वेबसाइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला बसत नाहीत. घड्याळाच्या दुकानात पन्नासच्या नोटेत मिळतो. वायर काढून बदला, अधिकची खूण असलेली बाजू वर, मग बायोसमध्ये तारीख टाका. तिथेच साटा मोड आधी जसा होता तसाच आहे का ते पण पुतण्याला बघायला सांगा, सेल गेला की तो पण मूळ जागी गेलेला असतो.