लिनक्सवर फायरफॉक्समध्ये व्हिडिओ चालत नाही, पण सेफ मोडमध्ये चालतो. कोणतं प्लगइन काढू?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: नेहमीच्या विंडोत व्हिडिओच्या जागी "तुमचा ब्राउझर हा व्हिडिओ चालवू शकत नाही" असा संदेश येतो, सेफ मोडमध्ये तोच व्हिडिओ सुरळीत चालतो. म्हणजे कुठल्या तरी प्लगइनची भानगड आहे, तर नेमकं कोणतं काढायचं, आणि जमलं नाही तर सिस्टम पुन्हा टाकायची का.

सिस्टम पुन्हा टाकू नका. आणि "सेफ मोडमध्ये चाललं, म्हणजे दोष एक्स्टेन्शनचा" हे डोक्यातून आधी काढून टाका. या एका वाक्यावरून माझे बऱ्याच जाणत्या लोकांशी वाद झालेत. ते वाक्य अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच लोकांचे दिवसच्या दिवस वाया जातात.

फायरफॉक्सचा सेफ मोड, ज्याला आता ट्रबलशूट मोड म्हणतात, फक्त एक्स्टेन्शनं बंद करत नाही. तो हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनही (व्हिडिओचं काम ग्राफिक्स चिपवर सोपवणं) बंद करतो, जावास्क्रिप्टला वेग देणारा जेआयटी कंपायलर बंद करतो, थीम उतरवतो. एका झटक्यात चार गोष्टी बदलल्यावर व्हिडिओ चालला, तर चारांपैकी कशामुळे चालला हे कळणार कसं? उलट बाजूही बघा: अबाउट:कॉन्फिगमधले (फायरफॉक्सच्या आतल्या सेटिंग्जच्या पानावरचे) बदल किंवा प्रायव्हसीसाठी कुठून तरी उचललेली यूजर.जेएस ही तयार सेटिंग्जची फाइल सेफ मोडमध्येही तशीच लागू राहते. म्हणजे तिथे व्हिडिओ चालला नाही तरी एक्स्टेन्शनं आणि ब्राउझर दोन्ही निर्दोष असू शकतात.

प्लगइन या शब्दाबद्दलही एकदाच सांगतो. इंटरनेटवर सापडणारे निम्मे सल्ले मेलेल्या काळातले आहेत. तेव्हा व्हीएलसी, टोटेम, गेको-मीडियाप्लेयर अशी तीन-तीन प्लगइनं एकाच माइम टाइपवर (फाइलच्या प्रकारावर) हक्क सांगायची आणि जास्तीची काढली की काम व्हायचं. क्रोमने लिनक्सवर त्या जातीची प्लगइनं २०१४ मध्ये बंद केली, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या आवृत्तीत फ्लॅश वगळता सगळी, आणि जानेवारी २०२१ मध्ये ८५ व्या आवृत्तीत फ्लॅशही. आज फायरफॉक्सच्या प्लगइन पानावर ओपनएच२६४ आणि वाइडव्हाइन (सशुल्क व्हिडिओचं कुलूप उघडणारं) एवढी दोनच दिसतात. बाकी सगळी एक्स्टेन्शनं. त्यामुळे "अमुक फोल्डरमधली प्लगइनं पुसा" असं कोणी सांगितलं तर तारीख बघा आणि पुढे चला.

आता तुमच्यासारखंच लक्षण असलेला, मी तपासलेला एक लॅपटॉप सांगतो, कारण त्यात सगळं येतं.

इंटेलच्या चौथ्या पिढीचा प्रोसेसर. व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतींना कोडेक म्हणतात, आणि एच.२६४, व्हीपी९, एव्ही१ ही त्यांचीच नावं. या पिढीची ग्राफिक्स चिप एच.२६४ स्वतः उलगडते, व्हीपी९ नाही. व्हिडिओ साइट शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवते, ते सगळं सीपीयूवर येतं, पंखा घोंघावतो, फ्रेम गळतात. म्हणून त्यावर साइटला व्हीपी९ नाकारून एच.२६४ मागवणारं एक्स्टेन्शन घातलेलं होतं. निर्णय बरोबर होता आणि दोन वर्षं उत्तम चालला. मग सिस्टमची मोठी आवृत्ती बदलली आणि व्हिडिओ बंद. सेफ मोडमध्ये चालू. अकरा एक्स्टेन्शनं एकेक करून बंद केल्यावर गुन्हेगार म्हणून हेच हाती लागलं. ते काढलं, व्हिडिओ चालला, "एक्स्टेन्शन खराब झालंय" असा निकाल लागला, आणि पंखा पुन्हा घोंघावू लागला.

निकाल चुकला होता. एक्स्टेन्शन दोन वर्षांपूर्वी करत होतं तेच करत होतं. ते पानात शिरून मीडियासोर्सच्या इजटाइपसपोर्टेड या फंक्शनवर, म्हणजे प्लेयर ब्राउझरला "हे कोडेक चालेल का" विचारतो तिथे, आपलं उत्तर बसवतं. प्लेयरने विचारलं "व्हीपी९ चालेल?" तर "नाही", "एव्ही१?" तर "नाही". "एच.२६४?" या प्रश्नाचं उत्तर मात्र ते ब्राउझरवर सोडतं, आणि आता ब्राउझरही "नाही" म्हणत होता. तिन्ही दारं बंद झाल्यावर प्लेयर तो संदेश दाखवणार नाही तर काय करणार?

ब्राउझर "नाही" का म्हणत होता, ते समजून घ्या. फायरफॉक्स व्हीपी८, व्हीपी९ आणि एव्ही१ यांचे डिकोडर स्वतःच्या पोटात घेऊन येतो. एच.२६४ आणि एएसी (आवाजाचं कोडेक) यांच्यासाठी तो लिनक्सवर सिस्टमच्या एफएफएमपेग या व्हिडिओ उलगडणाऱ्या संचातली लिबएव्हीकोडेक ही लायब्ररी शोधतो. पेटंटच्या कारणाने काही लिनक्स वितरणं (फेडोरा, ओपनसुसेसारखी) एच.२६४ वगळलेली एफएफएमपेग देतात आणि पुरी आवृत्ती सॉफ्टवेअरच्या बाहेरच्या भांडारातून घ्यावी लागते. आवृत्ती बदलताना ते बाहेरचं भांडार बंद पडलं होतं, आणि पुऱ्या लायब्ररीच्या जागी कापलेली येऊन बसली होती. एक बदल दोन वर्षं जुना, एक कालचा. प्रत्येक एकटा निरुपद्रवी, दोन्ही मिळून पडदा काळा. संघर्ष म्हणतात तो हा, आणि एकेक एक्स्टेन्शन बंद करून तो कधीच पुरता दिसत नाही.

तो कुठे दिसतो? अ‍ॅड्रेस पट्टीत अबाउट:सपोर्ट लिहा, खाली मीडिया विभागात कोडेकचा तक्ता आहे: प्रत्येक कोडेकपुढे सॉफ्टवेअर डिकोडिंग आणि हार्डवेअर डिकोडिंग असे दोन रकाने. त्या लॅपटॉपवर एच.२६४ च्या ओळीत दोन्ही रकाने नकाराचे होते. टर्मिनलमध्ये व्हीएइन्फो ही, चिपला काय काय उलगडता येतं ते सांगणारी आज्ञा मात्र एच.२६४ च्या प्रोफाइलपुढे व्हीएलडी, म्हणजे डिकोडची सोय, ठळकपणे दाखवत होती. इथे पुष्कळजण फसतात: चिप तयार आहे, ड्रायव्हर तयार आहे, मग ब्राउझरला काय झालं? फायरफॉक्स हार्डवेअरपर्यंतही एफएफएमपेगच्याच वाटेने जातो. लायब्ररीत एच.२६४ नसेल तर चिपला ते येतं की नाही याचा उपयोग शून्य. (इंटेलचा नवा आयएचडी ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढेच चालतो, चौथीपर्यंत जुना आय९६५ लागतो. नवा बरा म्हणून नवाच टाकला तर चौथ्या पिढीवर व्हीएइन्फो नुसती चूक दाखवेल.)

खात्रीची दुसरी चाचणी: साइटच्या पानावर एफ१२ दाबून कन्सोलमध्ये इजटाइपसपोर्टेड हे फंक्शन व्हीपी९ आणि एच.२६४ दोन्हींसाठी चालवा, मग तेच रिकाम्या अबाउट:ब्लँक टॅबमध्ये चालवा. व्हीपी९ चं उत्तर रिकाम्या टॅबमध्ये "हो" आणि साइटवर "नाही" आलं, तर मध्ये एक्स्टेन्शन बोलतंय. एच.२६४ दोन्हीकडे "नाही", तर लायब्ररी. दोन मिनिटांचं काम आहे, अकरा एक्स्टेन्शनं उघडझाप करण्यापेक्षा कितीतरी स्वच्छ.

दुरुस्ती लायब्ररीची केली. फेडोरावर आरपीएम फ्यूजन जोडून डीएनएफच्या स्वॅप आज्ञेने एफएफएमपेग-फ्री च्या जागी एफएफएमपेग घ्यायचं, सोबत अलाउ-इरेजिंग हा पर्याय द्यायचा. ओपनसुसेवर पॅकमन भांडारातून घ्यायचं, आणि लायब्ररीचा व्हेंडर (पुरवठादार) बदलायला परवानगी द्यायची, नाहीतर झिपर ही पॅकेज टाकणारी आज्ञा जुनीच ठेवते. डेबियन आणि उबुंटूच्या मूळ भांडारातल्या लिबएव्हीकोडेकमध्ये एच.२६४ असतंच. त्यानंतर फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघडायचा, नुसती विंडो बंद करून चालत नाही. लॅपटॉपच्या तक्त्यात एच.२६४ पुढे दोन्ही रकाने होकाराचे झाले, तेच एक्स्टेन्शन परत घातलं, व्हिडिओ चालला, पंखा शांत.

तुमचा फायरफॉक्स फ्लॅटपॅक किंवा स्नॅप असेल तर यातलं काही करण्याआधी थांबा. तो आपल्या पेटीतल्या लायब्ररी वापरतो, सिस्टमवर टाकलेली एफएफएमपेग त्याला दिसतसुद्धा नाही. आणि उलट प्रकारही घडतो: एफएफएमपेगची मोठी आवृत्ती बदलली की लायब्ररीचा क्रमांक बदलतो (सहाव्या आवृत्तीत लिबएव्हीकोडेक ६०, सातव्या आवृत्तीत ६१), आणि जुन्या ईएसआर (दीर्घ मुदतीच्या आवृत्तीच्या) फायरफॉक्सला नवा क्रमांक माहीत नसतो. लायब्ररी पुरी, तरी तक्त्यात नकार. तिथे फायरफॉक्स अद्ययावत करणं हाच उपाय.

तुमच्याकडे असं एक्स्टेन्शन नसेल, तर सेफ मोडचे तुकडे करा. आधी सगळी एक्स्टेन्शनं हाताने बंद करा, अ‍ॅक्सलरेशन चालू ठेवा. मग एक्स्टेन्शनं चालू करून सेटिंग्ज, जनरल, परफॉर्मन्स इथली शिफारशीची खूण काढा आणि हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशनची खूण काढा, ब्राउझर परत उघडा. पहिल्या चाचणीत चाललं तर एक्स्टेन्शन, दुसऱ्या चाचणीत चाललं तर ड्रायव्हर. दोन्हीत नाही चाललं तर अबाउट:प्रोफाइल्समधून कोरं प्रोफाइल बनवा. तिथे चाललं, तर दोष तुमच्या कॉन्फिगमध्ये आहे. एक्स्टेन्शन असल्याचं ठरलं तर एकेक नाही, निम्मी निम्मी बंद करा. सोळा असतील तर चार फेऱ्यांत सापडतं. प्रत्येक फेरीला टॅब रीलोड करा, पानात आधीच शिरलेला कोड नुसतं बंद केल्याने बाहेर पडेलच असं नाही.

दोन जोड्या मात्र मी आधी बघतो. पहिली, दोन अ‍ॅडब्लॉकर. एक ब्लॉकर जाहिरातीच्या स्क्रिप्टच्या जागी पोकळ, निरुपद्रवी स्क्रिप्ट देतो, जेणेकरून प्लेयरचं समाधान होईल. दुसरा तीच विनंती सरळ रद्द करतो. रद्द करण्याला प्राधान्य असतं, पोकळ स्क्रिप्ट पोचतच नाही, आणि प्लेयर चक्र फिरवत बसतो. एकच ठेवा, यावर मी तडजोड करत नाही. दुसरी जोडी, आवाज वाढवणारं आणि इक्वलायझर अशी दोन एक्स्टेन्शनं. क्रोममध्ये व्हिडिओच्या एका घटकाला वेब ऑडिओचा (पानातल्या आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या सोयीचा) स्रोत एकदाच जोडता येतो. दुसरं जोडायला गेलं की त्याच्या कन्सोलमध्ये इनव्हॅलिडस्टेटएरर येतो, आणि चित्र हलतं पण आवाजाचा घोळ होतो. याशिवाय यूजर एजंट बदलून विंडोज असल्याचं भासवणारं एक्स्टेन्शन असेल तर काढून टाका. हेडरमध्ये विंडोज आणि पानाच्या आत नॅव्हिगेटरमध्ये लिनक्स, अशा विसंगतीवर प्लेयर काहीही करू शकतो.

सशुल्क साइटवर, म्हणजे डीआरएमच्या (कॉपी रोखणाऱ्या कुलपाच्या) व्हिडिओवर, हे सगळं वेगळं. तिथे वाइडव्हाइन लागतं आणि लिनक्सवर चित्र उलगडण्याचं कामही तेच सॉफ्टवेअरमध्ये करतं, म्हणून तिथे व्हीए-एपीआयचे (चिपकडून व्हिडिओ उलगडून घेणाऱ्या सोयीचे) ड्रायव्हर बदलत बसणं व्यर्थ. वाइडव्हाइन प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये उतरतं. होम विभाजन नोएक्झेक (तिथल्या फाइली चालवायला मनाई) लावून माउंट केलं असेल तर फाइल तिथे असूनही लोड होत नाही, आणि लक्षण अगदी प्लगइन बिघडल्यासारखं दिसतं. मस्ल या सी लायब्ररीवर चालणाऱ्या अल्पाइनसारख्या वितरणांवर ते चालत नाही, त्याला जीलिबसी ही दुसरी सी लायब्ररी हवी. बाकी ठिकाणी अबाउट:कॉन्फिगमध्ये मीडिया.जीएमपी-वाइडव्हाइनसीडीएम.व्हर्जन ही किंमत रीसेट करून ब्राउझर पुन्हा उघडला की नवी प्रत उतरते. चित्र धूसर असेल तर ती साइटने सुरक्षेच्या पातळीवरून घातलेली मर्यादा आहे, एक्स्टेन्शन काढून ती उठत नाही.

वर मी एच.२६४ वाल्या एक्स्टेन्शनची बाजू घेतली, त्याला मर्यादा आहेत. यूट्यूब १०८० च्या वर एच.२६४ देत नाही, त्यामुळे ते घातलं की १४४० आणि ४के चे पर्याय यादीतून जातात. इंटेलच्या सातव्या पिढीपासून पुढे व्हीपी९ चिपवरच उलगडतं, तिथे ते घालण्यात अर्थ नाही, काढाच. फायरफॉक्समध्ये इंटेलसाठी हार्डवेअर डिकोडिंग आपोआप चालू झालं ते जुलै २०२३ च्या ११५ व्या आवृत्तीत, एएमडीसाठी मार्च २०२५ च्या १३६ व्या आवृत्तीत. त्याआधीची आवृत्ती असेल तर अद्ययावत करून मग तक्ता वाचा. एनव्हिडियाच्या बंद ड्रायव्हरवर वेगळा व्हीए-एपीआय पूल बसवावा लागतो, तो नसेल तर हार्डवेअरच्या रकान्यात नकार येणं साहजिक आहे, त्याला बिघाड समजू नका.

यानंतरही अडलात तर अबाउट:सपोर्टमधला मीडिया विभाग जसाच्या तसा इथे चिकटवा, आणि दोन्ही तुकड्यांच्या चाचण्यांत काय झालं ते वेगवेगळं लिहा.