इतकं सगळं करूनही देव पावत नसेल, तर श्रद्धा टिकवायची कशी?

ताई, तुम्ही लिहिलंय ते असं: आईला कॅन्सर, मिस्टरांची नोकरी गेली, सोळा सोमवार झाले, दर मंगळवारी पहाटे चालत सिद्धिविनायक झाला, आणि आता संध्याकाळी दिवा लावायला हात उचलत नाही. वर सासूबाई म्हणतात, "तुझ्याच श्रद्धेत काहीतरी कमी पडत असेल."

आधी सासूबाईंचं बघू, कारण सगळ्यात जास्त तेच सलत असणार. मी परळच्या एका रुग्णालयात नर्स होते, आता निवृत्त झाले. उशाखाली अंगारा, मनगटाला हाजी अलीचा धागा, नातेवाइकाच्या पिशवीत माउंट मेरीला वाहायचा मेणाचा पाय. आजारपणात मुंबईकर सगळ्या दारांत अर्ज टाकून ठेवतो. त्यातली फार भाविक माणसं गेलेली मी पाहिली आणि देवाचं नावही न घेणारी ठणठणीत होऊन घरी गेलेली पाहिली. श्रद्धेच्या मापाने गुण येत असता तर आम्हाला केसपेपर लागलेच नसते. सासूबाईंना एखाद्या रात्री आईजवळ बसवा. त्यांच्या हातून सेवा घडेल, तुम्हाला झोप मिळेल.

मला विचाराल तर तुमचा नवस फसलाय. श्रद्धेचं काय झालं ते अजून ठरायचंय. नवसाला मी नावं ठेवत नाही. मी लालबागची आहे. 1932 मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला, कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी नवस केला आणि 1934 मध्ये आमचा राजा बसला, हे ऐकतच आम्ही वाढलो. पण त्याच लालबाग-परळमध्ये 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तेव्हाही घरोघर नवस बोलले गेले. संप रीतसर मागे असा घेतलाच गेला नाही आणि हजारोंचं काम कायमचं गेलं. माझे वडील त्यांतलेच. चाळीतलं भजन मात्र ते चुकवत नसत, आणि घरी आले की विठोबाला मालकाच्या बरोबरीने शिव्या घालत. आई कानांवर हात ठेवायची. मला आता वाटतं, त्या शिव्यांनीच त्यांना धरून ठेवलं.

आपल्याकडे हे नवं नाही. जनाबाईने विठोबाला काय काय म्हणून ठेवलंय! तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा दुष्काळात गेला, आणि पुढे ते 'माझ्या लेखी देव मेला' इथपर्यंत बोलून गेले. त्यांना कोणी वारीतून काढलं नाही, उलट पालखीत बसवलं. तेव्हा दिवा लावावासा वाटत नसेल तर लावू नका. तसंच समोर बसा आणि भांडा. घरात कोणी नसताना, मोठ्याने.

पहाटेचं चालणं आणि उपास तूर्त बंद. केमोच्या पेशंटचं करणाऱ्या माणसाने पोट रिकामं ठेवायचं नसतं. 2020 साली देवळांनाच कुलपं होती, आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. पायी वारी झाली नाही म्हणून कुणी गळ्यातली माळ उतरवली नाही. तुमचा मंगळवार चुकला तर काय बिघडणार आहे?

आणि सिद्धिविनायकाला जायचंच असेल तर एकदा कागदपत्रं घेऊन जा. तिथला न्यास गरजू रुग्णांना उपचारासाठी आर्थिक मदत करतो. काय काय जोडावं लागतं त्याची आधी चौकशी करा. दानपेटीत पडलेला दुसऱ्या कोणाचा फिटलेला नवस तुमच्या आईच्या औषधाला लागला, तर देव पावला म्हणायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. धर्मादाय रुग्णालयांतही 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा विभागात विचारा. लाजू नका, घरात पगार येत नाही सध्या.

"आमच्या ओळखीचे एक महाराज आहेत" असं म्हणणारं कोणीतरी या दिवसांत भेटतंच. जो औषध थांबवायला सांगेल त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

आशेबद्दलही विचारलंत. वॉर्डात रोज "पूर्ण बरी होईल ना?" विचारणारी माणसं लवकर खचायची. आज पेज पोटात राहू दे, रात्री दुखू नये, पुढच्या केमोपर्यंत रक्ताचे आकडे वर यावेत, एवढंच मागणारी बऱ्यापैकी तग धरायची. मोठं मागणं सोडा असं नाही, ते मनात राहू द्या. रोज मात्र त्या दिवसापुरतंच मागा.

आणि जगणंच नको असं वाटायला लागलं, तर 14416 वर फोन करा. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, मोफत, कधीही लावा, मराठीत बोलता येतं. पोथी वाचून झोप येत नसेल त्या रात्रीही लावला तर चालतो.